"त्यांच्यात आईबापांचं लक्षच नसतं" म्हणे

आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर आज एकाने ज्ञान पाजळलं, "ब्लॅक मुलांचे प्रॉब्लेम असणारच, त्यांच्यात आईबापांचं लक्षच नसतं." खाली भराभर अंगठे. डोकंच फिरलं.

मी न्यू जर्सीत एका शाळेत मदतनीस आहे. सहावीतल्या एका गोऱ्या मुलाने घरी घटस्फोट चालू असताना वर्गात खुर्ची भिरकावली. त्याला काउन्सेलरने जवळ बसवलं, आईला बोलावून थेरपिस्ट सुचवला. चांगलंच केलं. त्याच वर्गातल्या ब्लॅक मुलाने आजी गेल्यावर बाक आपटला, तर शाळेतला पोलीस आला आणि पोरगं सस्पेंड. एकाचं ते दुःख, दुसऱ्याचा माज!

आता त्या "लक्ष नसलेल्या" आईचं ऐका. हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला. जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून थेरपिस्टना फोन लावत होती, मी शेजारी. फोन स्पीकरवर, मांडीवर विजेच्या बिलाचं पाकीट, त्यामागे नंबर लिहिलेले. सगळीकडे पहिला प्रश्न, इन्शुरन्स कुठला? मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा, म्हटलं की, "नवीन पेशंट घेत नाही." ती शांतपणे थँक यू म्हणून नंबरवर काट मारायची. मी असते तर शिव्या घातल्या असत्या.

मान्य, मेडिकेडवर असलेल्या गोऱ्या मुलांनाही ताटकळावं लागतं. थेरपीला नाक मुरडणारे ब्लॅक घरांतही असतील. आपण तर त्यात पीएचडी केलेली माणसं! पण आपल्या पोराने बाक आपटला म्हणून कुणी पोलीस बोलावतं का?

५ ते १२ वयाच्या ब्लॅक मुलांमधलं आत्महत्येचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या जवळपास दुप्पट असल्याचं २०१८ मध्येच अभ्यासात दिसलं. पाच वर्षांपासूनची मुलं हो! २०१९ मध्ये अमेरिकी संसदेतल्या ब्लॅक सदस्यांच्या गटाने त्यावर अहवालही काढला. आणि आमच्या ग्रुपचं निदान काय, तर लक्ष नसतं.

सस्पेन्शन संपवून तो आला तेव्हा आजीच्या चष्म्याची दोरी मनगटाला गुंडाळलेली होती. गणिताच्या तासाला तीच चाळवत बसला. कुणी काही विचारलं नाही. मी नुसती जवळ जाऊन बसले, मला तेवढंच करता येतं.

त्याला अजून अपॉइंटमेंट मिळालेली नाही. एनजे फॅमिलीकेअर (न्यू जर्सीचं मेडिकेड) घेणारा आणि संध्याकाळी पाचनंतर मुलांना बघणारा थेरपिस्ट कुणाला माहीत असेल तर इनबॉक्स करा. हात जोडलेले इमोजी नकोत, फोन नंबर हवाय.