दहा लाख नोकऱ्या आणि तारापूरचे यंत्रमाग

भारत आणि एफ्टा (युरोपियन मुक्त व्यापार संघटना) देशांचा व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन या चार देशांनी पंधरा वर्षांत भारतात १०० अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि १० लाख थेट रोजगार आणण्याचं उद्दिष्ट त्यात लिहून दिलं आहे. घरी फोन केला की या दहा लाखांवरून दोन तट पडलेले ऐकू येतात. एकाच्या मते आता पोरांचं भलं होणार. दुसऱ्याच्या मते आपण बाजार उघडून दिला, आता लहान कारखाने बसणार. मी स्वित्झर्लंडमधल्या विंटरथुरला राहतो, यंत्रं बनवणाऱ्या एका स्विस कंपनीच्या निर्यात विभागात काम करतो. असे करार माझ्या टेबलावर रोज कागद होऊन येतात. मला या वादातला मुख्य प्रश्न दोन्ही बाजूंनी सोडून दिलेला दिसतो: या नोकऱ्यांसाठी माणसं कोण घडवणार, आणि कुणाच्या पैशाने?

आधी कराराचं बोलू. गुंतवणूक सरकारं करत नाहीत, कंपन्या करतात. स्विस सरकार एखाद्या कारखानदाराला 'जा, चाकणला शेड उभी कर' असं सांगू शकत नाही. म्हणून करारातली भाषा प्रयत्नांची आहे. उद्दिष्ट गाठलं गेलं नाही तर काही काळाने भारत आपल्या सवलती मागे घेऊ शकतो, एवढी धार मात्र त्याला आहे. दुसरीकडे, स्वित्झर्लंडने १ जानेवारी २०२४ पासून औद्योगिक मालावरचं आयात शुल्क सगळ्याच देशांसाठी काढून टाकलं. म्हणजे पुण्याच्या कास्टिंगला (ओतीव भागांना) किंवा कोल्हापूरच्या सुट्या भागांना इथे करार होण्याआधीच शून्य शुल्क होतं. तरीही माल हवा तेवढा येत नसेल, तर अडचण जकातीच्या नाक्यावर नाही, आणखी मागे कुठेतरी आहे.

व्यापार खुला झाला की काय होतं, यावर आपल्याच देशात उत्तम संशोधन झालेलं आहे. पेटिया टोपालोव्हा या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९९१ नंतरच्या शुल्ककपातीचा जिल्हावार अभ्यास केला. गरिबी देशभर घटत होती, पण ज्या ग्रामीण जिल्ह्यांतल्या उद्योगांचं संरक्षण जास्त गेलं, तिथे ती कमी वेगाने घटली. माणसं एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात, एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात सहज गेली नाहीत. चिनी आयातीचा अमेरिकेतल्या गावांवर काय परिणाम झाला हे ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन यांनी २०१३ मध्ये दाखवलं, तेही याच्या जवळचंच: गेलेली नोकरी परत येत नाही आणि माणूसही सहजासहजी हलत नाही. खुल्या व्यापाराचा फायदा देशाला होतो हे मी मानतो. पण नव्या कामात शिरायची वाट ज्याच्यासमोर नाही, त्याच्यापर्यंत तो पोहोचत नाही.

आता तारापूर. पालघर जिल्ह्यातल्या तारापूर आणि शेजारच्या गुजरातमधल्या उंबरगावच्या कापड गिरण्यांमध्ये २००८ पासून निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आदी संशोधकांनी एक प्रयोग केला. काही गिरण्यांना एका बड्या सल्लागार कंपनीचं मार्गदर्शन फुकट दिलं, काहींना फक्त तपासणी. सल्ला अगदी साधा होता. सुताच्या गोदामात कुठला माल कुठे आहे त्याची चिठ्ठी लावा. कापडात दोष कुठल्या मागावर येतो त्याची रोज नोंद करा. यंत्र बंद पडायची वाट न बघता ठरल्या दिवशी तेलपाणी करा. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली, आणि तीन वर्षांच्या आत या मंडळींनी नवे कारखानेही काढले. म्हणजे रोजगार वाढला, तोही कुठल्याही कराराविना.

या संशोधनातली एक गोष्ट वाचून मी बराच वेळ थांबलो. गिरणी किती मोठी होणार हे व्यवस्थापन किती चांगलं आहे यापेक्षाही मालकाच्या घरात पुरुषमाणसं किती आहेत यावर ठरत होतं. भाऊ-मुलगे तीन, तर कारखाने तीन. बाहेरच्या माणसावर तिजोरी सोडाच, खरेदीही सोपवायची नाही. चोरीची भीती, आणि चोरी झालीच तर कोर्टात वर्षानुवर्षं खेटे. काही वर्षांनी संशोधक पुन्हा गेले तेव्हा सुधारलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटलेल्या होत्या. मोठं कारण काय, तर कारखान्याचा मॅनेजर सोडून गेला आणि त्याच्याबरोबर पद्धतही गेली. शिकलेलं एका माणसात होतं, संस्थेत मुरलं नव्हतं.

इथे माझ्या समोरच्या टेबलावर सतरा वर्षांची एक मुलगी बसते. शाळा संपवून तिने व्यापारी शिक्षणाची तीन वर्षांची उमेदवारी, म्हणजे काम करत शिकण्याची अप्रेंटिसशिप, धरली आहे. या देशातली सर्वाधिक मुलं निवडतात ती हीच. आठवड्यातला दीड-दोन दिवस वर्ग, बाकीचे दिवस ऑफिस, आणि कंपनीकडून दरवर्षी थोडा वाढत जाणारा पगार. मागे भारतातल्या एका सूतगिरणीला यंत्रं पाठवायची होती. बँकेच्या एलसीवर, म्हणजे पैसे देण्याच्या हमीपत्रावर, बंदराचं नाव 'न्हावा शेवा' होतं, आणि जहाज कंपनीकडून आलेल्या बिल ऑफ लेडिंगच्या (माल जहाजावर घेतल्याच्या पावतीच्या) मसुद्यात 'जेएनपीटी, मुंबई'. बंदर एकच, पण बँक अक्षराला अक्षर बघते. फरक राहिला तर कागद परत, पैसे अडकले, आणि माल बंदरात भाडं खात पडला. तिने एलसी आणि मसुदा शेजारी ठेवून ओळीवर पट्टी सरकवत तो फरक पकडला, मालवाहतुकीची व्यवस्था बघणाऱ्या फॉरवर्डरला स्वतः फोन लावला आणि मसुदा बदलून घेतला. मी बी.कॉम.ला एलसीची व्याख्या पाठ केली होती. खरी एलसी हातात आली ती नोकरी लागल्यावर.

ही माणुसकी म्हणून केलेली सोय नाही. बर्न विद्यापीठातले स्टेफान वोल्टर आणि त्यांचे सहकारी स्विस कंपन्यांचा उमेदवारीवरचा खर्च आणि मिळकत मोजत आले आहेत. बहुसंख्य कंपन्यांचा खर्च प्रशिक्षण संपेपर्यंत मुलांच्या कामातूनच भरून निघतो. 'शिकवला की पळतो' ही आपल्याकडच्या मालकाची कायमची तक्रार. इथे मुलगा पळाला तरी हिशेब तुटत नाही, कारण त्याला पहिल्या दिवसापासून खरं काम दिलेलं असतं.

महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८ हजार, पदवीधराला १० हजार रुपये महिना, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी, नंतर मुदत वाढवून अकरा. पुढे मुलांनी कायम करा म्हणून आंदोलनं केली. त्या मुलांचा राग मला समजतो. हेतू चांगला होता, पण विद्यावेतन सरकार देतं, मालकाचं काहीच गुंतत नाही, म्हणून त्याने शिकवण्यात लक्ष घालायचं कारणही उरत नाही. मुदत संपल्यावर हातात असं काही येत नाही की जे दुसरा मालक बघून ओळखेल.

एक आक्षेप मात्र मी मनापासून मानतो. इथल्यासारखं पंधराव्या वर्षी मुलांना कामाला लावा असं म्हटलं की आपल्या समाजात पहिली कुणाची पोरं कामाला लागतील हे सांगायला नको. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या फक्त हातांनीच राबणं होतं, त्यांना पदवीने मान दिला. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात, १९१३ साली सुरू झालेल्या आशियातल्या पहिल्या वाणिज्य महाविद्यालयात, १९१८ ते १९२० डॉ. आंबेडकर अर्थशास्त्र शिकवत होते. त्या वर्गात त्यांनी उभं राहणं ही आपल्याकडे व्यापारी शिक्षणाची केवढी मोठी कमाई आहे! पदवीच्या जागी उमेदवारी, असं म्हणणाऱ्याच्या बाजूने मी उभा राहणार नाही. पदवीच्या आत उमेदवारी हवी, आणि वरची वाट उघडी हवी. स्विस लोकांनी १९९४ मध्ये उमेदवारी करणाऱ्यांसाठी वेगळी पात्रता परीक्षा आणून उच्च शिक्षणाचं दार उघडलं, म्हणून पालक घाबरत नाहीत. यूबीएस या बँकेचे प्रमुख सर्जियो एर्मोटी यांची सुरुवात लुगानोतल्या एका बँकेत अशाच उमेदवारीने झाली.

इथलं सगळं आलबेल आहे असंही नाही. मुलांची विभागणी फार लवकर होते, आणि परदेशातून आलेल्या घरांतली मुलं चांगल्या उमेदवारीच्या रांगेत मागे राहतात, हे मी शेजारी बघतो. शिवाय हा देश लागणारी बरीच शिकलेली माणसं बाहेरून आणतो. माझं शिक्षण महाराष्ट्रातल्या करदात्यांच्या पैशाने झालं आणि ते इथे वापरलं जातं, याची जाणीव मला सतत असते.

माझी बहीण विचारते, "दादा, पोराला तिकडे एमबीएला पाठवू का? कर्ज मिळतंय." मी तिला सांगितलं, बी.कॉम. झाल्यावर आधी उरणला, न्हावा शेवाजवळ कस्टममधून माल सोडवून देणाऱ्या एखाद्या क्लिअरिंग एजंटकडे वर्षभर काम करू दे. मग एमबीएला वर्गात बसेल तेव्हा त्याला प्रश्न सुचतील. पण अशी जागा आज ओळखीवर मिळते, आणि ओळख नसलेल्याला मिळत नाही. हीच गोष्ट धोरणाने बदलायला हवी.

कराराखाली गुंतवणुकीचा आढावा घेणारी एक उपसमिती आहे. तिथे भारताने डॉलर मोजावेतच, पण सोबत एक मागणी ठेवावी. स्विस कंपन्या आपल्या देशात जे करतात तेच त्यांनी भारतातही करावं. विंटरथुरच्या रीटर कंपनीचा कारखाना सातारा जिल्ह्यात शिरवळजवळ विंगला आहे. अशा प्रत्येक ठिकाणी आयटीआयच्या मुलांइतक्याच बी.कॉम., बी.ए.च्या मुलांनाही खरेदी, निर्यात, हिशेब या खात्यांत सशुल्क नव्हे, सवेतन उमेदवारी मिळावी. वेतनातला निम्मा तरी वाटा कंपनीचा असावा. अभ्यासक्रम आणि परीक्षा पुण्याच्या मराठा चेंबरसारख्या उद्योग संघटनांनी ठरवाव्यात, म्हणजे प्रमाणपत्र बघून तारापूरचा मालकही घराबाहेरच्या मुलीला खरेदीच्या टेबलावर बसवायला तयार होईल. आणि दर वर्षीच्या आढाव्यात गुंतवणुकीच्या आकड्याशेजारी उमेदवारांचा आकडा, जिल्ह्यांच्या नावांसह, छापला जावा.