खुलासा: संयुक्त पेटंटचा परवाना एका सहमालकाने एकट्याने देता येत नाही

अंधेरी एमआयडीसी आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या उद्योजकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मेसेज फिरतोय: 'दोन कंपन्यांनी मिळून संशोधन केलं की पेटंट दोघांचं, मग कुणीही ते कुणालाही परवान्यावर द्यावं.' हे भारतात लागू नाही.

पेटंट कायदा, 1970 चं कलम 50 पाहा. वेगळा करार नसेल तर सहमालकांचा वाटा समान, मग खर्च कुणी 80 टक्के केलेला असो. स्वतः उत्पादन करून विकायला दुसऱ्याची परवानगी लागत नाही, नफ्याचा हिशेबही द्यावा लागत नाही. पण तिसऱ्याला परवाना द्यायचा किंवा आपला वाटा विकायचा, तर दुसऱ्याची संमती हवीच. अमेरिकेत परवान्याला ती लागत नाही. मेसेजचं मूळ बहुधा तिथलंच.

अडकतो तो कारखाना नसलेला भागीदार, म्हणजे बहुतेकदा छोटी डिझाइन कंपनी. स्वतः बनवू शकत नाही, परवाना देता येत नाही. म्हणून काम सुरू होण्याआधीच लेखी ठरवा: वाटा किती, परवाना कोण देणार, रॉयल्टी कशी वाटणार, बाहेरच्या कारखान्याकडून बनवून घेतलेलं (जॉबवर्क) चालेल का, आधीपासूनचं तंत्रज्ञान कुणाचं. नुसत्या गोपनीयता करारात यातलं सहसा काही नसतं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय त्यांना हा खुलासा द्या.