पेटीकडे बघताना डावा हातही बघा

बेळगाव-निपाणीकडच्या गाणं ऐकणाऱ्यांच्या गटांवर सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: पेटी (हार्मोनियम) हे परदेशी वाद्य, तिच्यात मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, नाही, श्रुती, म्हणजे स्वरांमधले बारीक भेद, नाहीत, म्हणून तर आकाशवाणीने तिला बाहेर ठेवलं होतं, आणि पेटीचं एकल वादन म्हणजे बोटं भराभर फिरवून टाळ्या घेणं. विठ्ठलराव कोरगावकर आणि रामभाऊ विजापुरे हे पेटीवादक ज्या बेळगावात वाजवत, त्याच गावातून हे पुढे ढकललं जातंय, म्हणून उत्तर देतो.

परदेशीपणाचा मुद्दा आधी उरकू. हार्मोनियम १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये देबँ यांनी केलं, ते पायाने भाता मारायचं. जमिनीवर बसून एका हाताने भाता मारायची पेटी कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी रुजवली. व्हायोलिनही बाहेरूनच आलं. त्याच्याविरुद्ध असा मजकूर माझ्या पाहण्यात कधी आलेला नाही.

मींडीचा आक्षेप मात्र खरा आहे आणि पेटीवाल्यांनी त्याला बगल देऊ नये. दोन पट्ट्यांच्या मधली जागा पेटीवर नाहीच. दरबारी रागातला आंदोलित, म्हणजे झुलता, गंधार तिच्यावर निघत नाही. एकल वादनाला दरबारी घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत. पण म्हणून कुठलाच राग मांडता येत नाही, असं कसं ठरतं? इथे भाता मारणाऱ्या डाव्या हाताकडे बघायला हवं. पियानोची पट्टी दाबली की स्वर लगेच विरायला लागतो. पेटीचा स्वर भात्यात हवा आहे तोवर उभा राहतो, त्यामुळे तो फुगवायचा, दाबायचा की विरवायचा हे वादकाच्या हातात असतं. पुढची पट्टी दाबताना आधीच्या पट्टीवरचं बोट किंचित उशिरा उचलायचं, त्याच क्षणी भाता हलका करायचा, मध्ये एखादा कण, म्हणजे शेजारच्या स्वराचा निसटता स्पर्श, लावायचा. मग दोन स्वर कानाला जोडलेले लागतात. ही मींड नव्हे, तिची सूचना आहे. पण यमन, भूप, भीमपलासी किंवा एखादं नाट्यपद एवढ्यावर छान उभं राहतं. हेच स्वर बेफिकीर भात्याने वाजवले की शाळेतली प्रार्थना होते.

श्रुतींचं म्हणाल तर पेटी समान अंतराच्या स्वरांतच अडकून असते, हेही अर्धंच खरं. चांगला कारागीर पेटीतले सूर, म्हणजे आवाज देणारी धातूची पाती, घासून ते तंबोऱ्याशी जुळवून देतो. त्याला गांधार ट्यूनिंग म्हणतात. अशा पेटीवर षड्ज (सा) वाटेल त्या पट्टीवर हलवता येत नाही, ही त्याची किंमत. डॉ. विद्याधर ओक यांनी तर बावीस श्रुतींची पेटीच केली आहे.

आता आकाशवाणी. बंदी १९४० मध्ये आली, हे बरोबर. त्याआधी १९३८ मध्ये तिथले पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख जॉन फोल्ड्स यांनी पेटीवर सडकून टीका केली होती. पण बंदी होती रेडिओवर. मैफिलीत गवयांनी पेटी सोडली नाही, आणि कागवाडला १९१७ साली जन्मलेल्या विजापुऱ्यांची उमेदीची वर्षं याच बंदीच्या काळातली आहेत. १९७१ मध्ये ती सैल झाली, तीही साथीपुरती. ज्या निर्णयापासून स्वतः सरकारच मागे सरलं, तो आज पुरावा म्हणून दाखवायचा?

राहिला वेग. इथे मजकूर लिहिणाऱ्याशी मी निम्मा सहमत आहे. नुसत्या द्रुत तानांवर कार्यक्रम काढणारे आहेत, आणि आपण त्यांनाच जास्त टाळ्या देतो. तरीही वेग आणि कसरत यांत फरक करता येतो. तानेतला प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो का? समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना वादक घाई करतो का? आणि मुख्य म्हणजे, बोटं धावत असताना भाता शांत असतो का? कच्चा वादक द्रुत लयीत भाताही त्याच लयीत हाणतो, मग प्रत्येक झटक्याला आवाज उसळतो आणि तान तुटक होते. पक्क्या वादकाचा भाता लयीपासून वेगळा चालतो. हे साधायला बोटांच्या तयारीहून जास्त वेळ लागतो, आणि ते दिसतही नाही. त्या मजकुरासोबत पुरावा म्हणून जोडलेली चित्रफीत जेमतेम मिनिटभराची आहे. द्रुत झाल्यापासून सुरू होते, आणि त्यात वादकाचा डावा हात चौकटीत आलेलाच नाही.