तिबेटच्या 'उंदरां'वर घेतलेला आळ

ते फॉरवर्ड आता तिसऱ्यांदा आलं, दोनदा फॅमिली ग्रुपवर आणि एकदा ट्रेकवाल्यांच्या. म्हणे तिबेटच्या पठारावरची कुरणं उंदरांनी पोखरून ओसाड केली, पाणी धरायची ताकद गेली, विष घातलं की गवत परत येतं.

आधी 'उंदीर'. फोटोत जो गोंडस प्राणी आहे तो पिका, सशाचा भाऊबंद, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. उंदरांच्या गणातला तिथला बिळकरी म्हणजे झोकोर, तो जमिनीखालीच राहतो आणि वर मातीचे ढीग टाकतो. फॉरवर्डवाल्याने दोघांची खिचडी केलीये.

'पोखरलं म्हणून ओसाड झालं.' अहो उलटं बघा ना. पिका या प्राण्याला आखूड गवत लागतं, कारण कोल्हा किंवा ससाणा लांबून दिसला पाहिजे, म्हणजे याक-मेंढ्यांनी जिथे आधीच गवत खरडून खाल्लंय तिथे हे जास्त वाढतात. आता खूपच झाले तर उघडी माती वाढते, वाऱ्याने उडते, हे मान्य, ते मी नाकारत नाहीये. पण सुरुवात बऱ्याचदा चराईची असते. (गंमत म्हणजे आपल्याकडे काळी माती म्हटलं की कापूस आठवतो, तिकडे 'काळी माती' म्हणजे गवताची गादी निघून गेलेली उजाड जमीन.)

पाण्याचं तर साफ चूक आहे. तिथल्या गवताच्या मुळांची घट्ट गादी असते, जोराची सर आली की पाणी वरूनच पळतं. बीळ असेल तिथे ते आत जिरतं. 2015 मध्ये विल्सन आणि स्मिथ या संशोधकांनी मोजून दाखवलं की पिका असलेल्या जागी पाणी जास्त वेगाने मुरतं, विष घातलेल्या जागी कमी. आणि हे पाणी महत्त्वाचं, कारण यांगत्से, पिवळी नदी, मेकाँग तिथूनच निघतात!

शिवाय बीळ खणताना खालची माती वर येते, लेंड्या मिसळतात, त्या भुसभुशीत मातीत वेगळी झाडंझुडपं उगवतात. रिकाम्या बिळात हिमचटके (स्नोफिंच, चिमणीच्या कुळातले छोटे पक्षी) घरटी करतात. पिका मेला तर बिळं ढासळतात आणि तेही बेघर.

'विष घाला.' घातलंय की, 1958 पासून! आधी झिंक फॉस्फाइड, म्हणजे आपल्या दुकानात उंदरांसाठी मिळतं तेच, मग बोटुलिनम, म्हणजे जिवाणूंपासून मिळणारं विष. एका मोसमात पिकाला दोन-तीन वेतं होतात, तो भराभर परत येतो. त्याला खाणारे कोल्हे, ससाणे मात्र तेवढ्या वेगाने येत नाहीत.