दोन नंबर मोठा घ्या म्हणे! फ्रीराइड बुटाच्या फॉरवर्डचा समाचार

लातूर-नांदेडकडच्या ट्रेकिंग ग्रुपांवर सध्या एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. "गुलमर्गला स्कीइंगला जाताय? भाड्याच्या बुटात पाय घालू नका, नवीन फ्रीराइड बूट आलाय, तोच घ्या," अशी सुरुवात. मग सात फायदे आणि शेवटी हात जोडलेल्या चार स्मायली. पुतण्यानं तो पाठवून खाली विचारलंय, "काका, दोन नंबर मोठा मागवू ना?" फेब्रुवारीत त्याचा कोर्स आहे. म्हणून हे उत्तर. ज्यांनी ज्यांनी तो फॉरवर्ड न वाचता पुढं ढकलला, त्यांनीही वाचावं.

आधी बूट काय चीज आहे ते बघू. दाबून तयार केलेल्या बर्फाच्या पट्ट्यावर उतरण्यासाठीचा अल्पाइन बूट जड आणि ताठ असतो, त्यात चालणं म्हणजे शिक्षा. टूरिंगचा बूट हलका आणि चढायला सोपा. फ्रीराइड बूट या दोघांच्या मधला. गोंडोलातून, म्हणजे रोपवेतून, उतरायचं, खांद्यावर स्की घेऊन थोडं चढायचं आणि मग सैल बर्फातून जोरात खाली यायचं, हे त्याचं काम. म्हणून त्याला कडक शेल (बाहेरचं प्लास्टिकचं कवच), मागच्या बाजूला वॉक मोडचा, म्हणजे चालताना घोटा मोकळा करणारा, खटका, खाली रबरी तळवा आणि बऱ्याच मॉडेलांत टाच-चवड्याशी पिन बाइंडिंगसाठी (बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) धातूच्या खाचा. टेक्निकाचा कोचीज, लांगेचा एक्सटी३ हे या जातीचे. बूट चांगलेच आहेत. भांडण बुटाशी नाही, फॉरवर्डशी आहे.

त्यातला सगळ्यात घातक दावा चौथा: "ग्रिपवॉक रबर सोल असल्यामुळे हा बूट जगातल्या कुठल्याही स्कीवर बसतो."

बसतो. तीच तर अडचण आहे. बूट आत जातो, टाच दाबली की खट्ट आवाज येतो आणि माणसाला वाटतं झालं काम. ट्रॅक्टरवाल्यांना हे लगेच कळेल. कॅटेगरी एकच्या अवजाराची खालची पिन २२ मिमीची, दोनची २८ मिमीची. २८ च्या भोकात २२ ची पिन बुश न घालता घातली तर जातेच की! वाजत राहते, भोक खाते आणि नांगरताना मधेच दगा देते. बूट आणि बाइंडिंगचं नातं तसंच आहे. फरक इतकाच, की इथं अवजाराच्या जागी तुमची नडगी आहे.

बाइंडिंगचं खरं काम बूट धरून ठेवणं जितकं, तितकंच पडल्यावर तो ठरलेल्या जोराला सोडणं. पुढचा भाग बूट आडवा सोडतो, मागचा वर सोडतो. आडवं सुटताना बुटाचा चवडा एका गुळगुळीत पट्टीवरून सरकतो, तिला एएफडी म्हणतात. सरकणं किती सहज होईल हे तळव्याच्या आकारावर आणि मालावर ठरतं. जुन्या अल्पाइन तळव्याचं माप आयएसओ ५३५५ मध्ये बांधून दिलेलं आहे: पुढच्या ओठाची जाडी १९ मिमी, मागच्याची ३० मिमी, इकडं-तिकडं फार तर १ मिमी, आणि तळ सपाट, कडक प्लास्टिकचा. ग्रिपवॉकचा तळवा पुढं वर वळलेला, चालण्यासाठी रबर लावलेला आणि एएफडीला टेकेल तिथं कडक पट्टा ठेवलेला. त्याचं मानक वेगळं, आयएसओ २३२२३. निव्वळ टूरिंगच्या तळव्याचं आणखी तिसरं, आयएसओ ९५२३. तीन वेगळे तळवे आहेत म्हणून तर तीन वेगळी मानकं आहेत.

आता ग्रिपवॉकचा बूट फक्त ५३५५ साठी बनवलेल्या जुन्या बाइंडिंगमध्ये घातला, तर वळलेला चवडा एएफडीवर नीट टेकत नाही, किंवा नको तिथं दाबून बसतो. मग दोनपैकी एक होतं. पडल्यावर बूट सुटतच नाही आणि स्कीच्या लांबीचा सगळा पीळ नडगीत आणि गुडघ्यात जातो. नाहीतर भलत्या वेळी, उताराच्या मध्यावर, न पडताच सुटतो. गुलमर्गच्या अफरवट डोंगराच्या उतारावर, जवळजवळ ४,००० मीटर उंचीवर, एक स्की खाली निघून गेली की काय होतं ते सांगायला नको.

त्यामुळं बाइंडिंगवर 'ग्रिपवॉक', 'सोल आयडी' किंवा 'एमएनसी' असं इंग्रजीत छापलेलं आहे का ते बघायचं. नसेल तर तो बूट त्यात घालायचा नाही, दुकानदार कितीही म्हणाला "चलता है, साब." छापलेलं असलं तरी काही बाइंडिंगांत तळव्याप्रमाणं एएफडीची उंची स्क्रूनं बदलावी लागते. ती कुणी बदलली का, हे विचारायचं.

आणि तळवा जुळला म्हणजे संपलं असंही नाही. बुटाच्या टाचेजवळ बाहेरच्या बाजूला मिलिमीटरमध्ये एक आकडा कोरलेला असतो, उदाहरणार्थ ३०५. ही तळव्याची लांबी, बीएसएल. बाइंडिंगचा मागचा भाग त्या लांबीला सरकवून पुढचा दाब जुळवावा लागतो. एकाच साइजचे दोन कंपन्यांचे बूट बीएसएलमध्ये ५-१० मिमीनं सहज वेगळे निघतात. म्हणून "मित्राच्या स्कीवर माझा बूट" हा प्रकार नाही. सुटण्याचा आकडा, ज्याला सगळे डिन म्हणतात, तो वजन, उंची, वय, बीएसएल आणि स्की करण्याची पद्धत या पाच गोष्टींवरून आयएसओ ११०८८ च्या तक्त्यात काढतात. वय पन्नाशीपुढं गेलं की आकडा एक पायरी खाली येतो. फॉरवर्डमध्ये या तक्त्याचा एक शब्द नाही. उलट "डिन जास्त ठेवा, स्की निघणार नाही" असं आहे. निघणार नाही हे खरंय. मग पाय निघतो.

दुसरा दावा पुतण्याच्या प्रश्नातला: "दोन नंबर मोठा घ्या, म्हणजे दोन जाड मोजे बसतात आणि बोटं गारठत नाहीत."

बैलाच्या मानेवर जू सैल बसलं की मान सोलते, हे आपल्याकडं शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. बुटाचंही तेच. सैल बुटात प्रत्येक वळणाला पाय पुढं सरकतो आणि नख शेलवर आपटतं. नखं काळीनिळी होतात ती बहुतेक वेळा मोठ्या बुटामुळं, लहान बुटामुळं नव्हे. टाच उचलली जाते, म्हणून माणूस बकल आणखी आवळतो, पायाच्या वरची शीर दबते, रक्त कमी पोचतं आणि बोटं गारठतात. दोन मोजे घातले की त्यांच्यामध्ये चुण्या पडतात, घाम अडकतो, आणखी गारठा. एकच पातळ, गुडघ्याखालपर्यंत येणारा लोकरी मोजा घाला. सुती नको, तो ओला राहतो.

माप असं घ्या. संध्याकाळी, टाच भिंतीला टेकवून कागदावर उभं राहा, वजन पायावर द्या आणि सगळ्यात लांब बोटापर्यंत सेंटीमीटरमध्ये मोजा. दोन्ही पाय मोजा. आलेलं माप हाच बुटाचा नंबर, त्याला मोंडोपॉइंट म्हणतात. पाय २६.३ सेंमी असेल तर २६.५, २८.५ नाही. बहुतेक कंपन्यांत २६ आणि २६.५ चं शेल एकच असतं, म्हणून अर्ध्या नंबरावर रात्र जागवू नका. मग शेलची परीक्षा: आतला लायनर, म्हणजे मऊ अस्तर, काढा, नुसत्या शेलमध्ये पाय घाला, बोटं पुढं टेकवा आणि टाचेमागं किती जागा उरते ते बघा. १५ ते २० मिमी, म्हणजे साधारण दीड-दोन बोटं, इतकी ठीक. २५ मिमीच्या वर गेलं की बूट मोठा. लायनर परत घालून ताठ उभं राहिलं की बोटं पुढं हलकीशी टेकली पाहिजेत आणि गुडघे पुढं वाकवले की मागं आली पाहिजेत. हे दुकानात अडचणीचं वाटतं, पण आठ-दहा दिवसांच्या वापरानं लायनरचा फोम दबतो आणि बूट आपोआप मोकळा होतो. आज मोकळा घेतला तर तेव्हा तो गमबूट झालेला असेल.

रुंदी हा वेगळा विषय. चवड्याशी ९८ मिमी म्हणजे अरुंद, १०० मध्यम, १०२ च्या पुढं रुंद, हे २६.५ नंबरच्या बुटावर मोजलेलं. पाय पसरट असेल तर रुंद शेल घ्या, लांबी वाढवू नका.

"फ्लेक्स १३० म्हणजे सर्वांत कडक, म्हणजे गुडघ्याला कवच." हा तिसरा. फ्लेक्स म्हणजे बूट पुढं वाकायला किती ताठ, त्याचा आकडा. पहिली गोष्ट, तो आकडा सगळ्या कंपन्यांना बांधणारा नाही, एकाचा १२० दुसऱ्याच्या ११० सारखा असू शकतो. वर, प्लास्टिक थंडीत ताठ होतं. मुंबईच्या दुकानात जो बूट वाकला तो उणे दहाला वाकेलच असं नाही. पण मुख्य मुद्दा गुडघ्याचा. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या शुगरबुशच्या उतारावर रॉबर्ट जॉन्सन, कार्ल एटलिंगर आणि जॅस्पर शिली यांनी १९७२ पासून वर्षानुवर्षं स्की-दुखापतींची नोंद ठेवली. बूट उंच आणि कडक झाले, बाइंडिंगं सुधारली, तसं घोट्याचं आणि नडगीचं हाड मोडणं घटलं. फॉरवर्डला हवा तर हा अर्धा गुण घ्या. पण त्याच काळात गुडघ्यातल्या एसीएलच्या, म्हणजे आतल्या एका मुख्य अस्थिबंधाच्या, दुखापती वाढल्या. याच मंडळींनी त्याची एक ठराविक रीत मांडली, 'फँटम फूट'. माणूस मागं कलतो, बूड गुडघ्याच्या खाली जातं, सगळं वजन एका स्कीच्या शेपटावर येतं आणि ते शेपूट तरफ होऊन गुडघा आत पिळतं. बुटाची कडक पाठ आणि स्कीचं शेपूट मिळूनच ती तरफ होते. बाइंडिंग मुळात नडगीचा हिशोब करून बनलेलं, ते इथं सुटेलच याची हमी नाही.

आता बघा. ६० किलोच्या नवशिक्याच्या पायात १३० चा बूट घातला, तर त्याला घोटा पुढं वाकवताच येत नाही. तो मागं बसतो. म्हणजे ज्या स्थितीपासून लांब राहायचं, त्याच स्थितीत बूट त्याला बसवतो. त्याला ७० ते ९० पुरे. १३० हे वजनदार, वेगानं उतरणाऱ्या आणि वर्षानुवर्षं स्की केलेल्या माणसाचं काम.

बोआ डायलबद्दल मात्र फॉरवर्ड निम्मा खरा आहे, नाइलाजानं कबूल करतो. २०२३-२४ च्या हंगामापासून अल्पाइन बुटांच्या खालच्या भागात दोन बकलांच्या जागी ही स्टीलच्या तारेची चकती आली, आणि पायाच्या वरच्या भागावर दाब खरंच सारखा पसरतो. पण "कुठल्याही पायाला बसतो" हे थाप. चकती शेल जवळ आणते, त्याची लांबी कमी करत नाही. तार तुटू शकते, सुटी तार जवळ ठेवा. आणि बूट घालताना आधी टाच जमिनीवर आपटून मागं बसवा, मग कफची, म्हणजे नडगीभोवतीच्या वरच्या भागाची, बकलं, मग पॉवर स्ट्रॅप, म्हणजे सगळ्यात वरचा पट्टा, आणि सगळ्यात शेवटी खालची चकती किंवा बकलं, तीही हलकी. उलट क्रमानं आवळलं की टाच हवेत राहते आणि दोष बुटाला जातो.

वॉक मोडमध्ये "सोपं पडतं म्हणून" खाली येऊ नका. मागची पट्टी सुटी असते, आधार शून्य. खटक्यात बर्फ अडकला तर तो बंद दिसतो पण लागलेला नसतो. स्कीच्या काठीनं खाच साफ करा, कफ मागं दाबून टक्क आवाज ऐका.

सहावा दावा वाचून मात्र हसावं की रडावं कळेना: "बूट थर्मोफॉर्मेबल आहे, घरी पातेल्यातलं उकळतं पाणी आत ओतून पायात घाला, पाच मिनिटांत तुमच्या पायाचा साचा." पायाला भाजणार, हे सोडून देऊ. लायनर तापवतात ते कोरड्या गरम हवेत, ठरलेल्या तापमानाला, बोटांवर टोपी आणि खाली तळपट्टी घालून. पाण्यानं लायनर दोन दिवस ओला राहतो आणि त्याचा गोंद सुटतो. काही शेलही तापवून रुंद करता येतात, पण प्रत्येक प्लास्टिकचं तापमान वेगळं. पीयूचं (पॉलीयुरेथेनचं) वेगळं, ग्रिलामिड या नायलॉनचं वेगळं. ते काम कंपनीच्या ओव्हनचं. आणि मिळतात ते रुंदीचे काही मिमी, लांबी नाही. भलत्या उष्णतेनं तळव्याचा ओठ वाकडा झाला की ते १९ मिमीचं गणित गेलं, म्हणजे परत बाइंडिंगच्याच दारात. हीच गोष्ट गुलमर्गच्या हॉटेलातल्या बुखारीची, म्हणजे शेगडीची: ओला बूट तिला टेकवून सुकवू नका. लायनर बाहेर काढून खोलीत टांगा.

आता पुतण्याचा प्रश्न. पहिल्या कोर्सला बूट विकत घेऊच नको, तिथं भाड्यानं घे, वर सांगितलेली शेलची परीक्षा करून. तंत्रज्ञाला तीन गोष्टी विचार: तळवा कोणता, बाइंडिंगवर चिन्ह कोणतं, बीएसएलप्रमाणं मागचा भाग सरकवला का. वजन खरं सांग.

पुढं कधी घेतलासच, तर "आयुष्यभर टिकतो" हा सातवा दावा विसर. पॉलीयुरेथेन उष्णतेत आणि दमटपणात वर्षागणिक कमजोर होतं, आणि जुना बूट एक दिवस उतारावरच तडकतो. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. लायनर पूर्ण सुकवून, बकलं हलकी लावून, खालच्या खोलीतल्या कपाटात ठेव.