खुलासा : रक्तातल्या औषधाची ‘लेव्हल’ तपासायच्या दिवशी सकाळची गोळी आधी घेऊ नका

‘किडनी बदलून वर्ष झालं, क्रिएटिनिन नॉर्मल असेल तर टॅक्रोलिमस अर्धी करा, लेव्हल तपासायला गोळी घेऊनच जा,’ असा मेसेज गोव्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. टॅक्रोलिमस म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायचं औषध, आणि क्रिएटिनिन म्हणजे किडनी कशी चालते ते दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि पहिला तर किडनी घालवू शकतो.

क्रिएटिनिन वाढायच्या आधीच शरीर नवी किडनी नाकारू लागलेलं असू शकतं. डोस काळानुरूप कमी होतो, पण तो डॉक्टर रिपोर्ट पाहून करतात.

लेव्हल म्हणजे पुढच्या गोळीआधी रक्तात उरलेलं औषध. दिवसातून दोनदा गोळी असेल तर रात्री ८ ला घेतलेल्याने सकाळी ८ च्या सुमारास रक्त द्यावं, मगच सकाळची गोळी घ्यावी. गोळी घेऊन गेलात तर आकडा खोटाच चढा येतो. मग त्या आकड्यावर डोस कमी केला गेला तर? रात्रीच्या गोळीची वेळ लॅबवाल्याला सांगाच.

चवथीला माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीला, बांधलेलं तोरिंजन, म्हणजे पपनस, नंतर घरात सोलून खातात. टॅक्रोलिमस घेणाऱ्यांनी ते खाऊ नये. त्याने लेव्हल वाढू शकते. क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक), फ्लुकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) यांनीही वाढते, रिफॅम्पिसिनने (टीबीवरचं औषध) घसरते. फार्मसीतून कुठलंही नवं औषध घेण्याआधी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना फोन करा.