बिबट्याची चतुःसीमा

आज सकाळी साडेसातला, चहाचा पहिला घोटही घशाखाली उतरलेला नसताना, मोबाइलवर एक छायाचित्र आले. त्यात एक झाड होते, झाडावर लाल वर्तुळ काढलेले होते आणि खाली लिहिले होते, ‘वहिनी, आता तरी दिसतोय का?’ टांझानियातल्या सेरेनगेटी राष्ट्रीय उद्यानातून परतून आठ दिवस झाले, पण त्या झाडाने माझा पिच्छा सोडलेला नाही.

प्रवासवर्णन करत नाही. धूळ होती, हाडे खिळखिळी झाली, आणि माणशी सत्तर डॉलर व वर कर मोजून मिळालेला उद्यानाचा परवाना बरोबर चोवीस तासांचा होता. ‘सेरेनगेटी’ म्हणजे मसाई भाषेत न संपणारे मैदान असे सांगतात. मैदान संपत नसेल, परवाना मात्र संपतो, आणि म्हणूनच उद्यानाच्या मध्यभागातल्या सेरोनेराजवळ रेडिओवर ‘चुई, चुई’ ऐकू येताच आमच्या चालकाने गाडी पिटाळली. चुई म्हणजे स्वाहिलीत बिबट्या. पोहोचलो तेव्हा सतरा गाड्या आधीच उभ्या होत्या, आणि रस्ता सोडून आत शिरायला मनाई असल्यामुळे झाड जिथे होते तिथेच राहणार होते.

गाडीचे छप्पर वर उचललेले, आम्ही सगळे उभे. यजमानांना दहा सेकंदांत बिबट्या दिसला. ज्यांना घरच्या फ्रिजमध्ये समोर ठेवलेली लोणच्याची बरणी आजवर सापडलेली नाही, त्यांनी मला ‘अगं, समोर तर आहे’ असे सांगितले. मला झाड दिसत होते. ते सॉसेज ट्री होते. त्याला दोरीसारख्या लांब देठांवर दीड-दोन फुटांची, दुधी भोपळ्यासारखी फळे लटकतात. ‘ती खाली लोंबणारी शेपूट बघ’ असे कोणी म्हटले की मला एकाच वेळी अकरा शेपट्या दिसत.

तेव्हा पुढच्या आसनावरचे काका माझ्याकडे वळले. हे जमीन मोजणीच्या नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. आयुष्यभर लोकांना त्यांची हद्द दाखवल्यामुळे ‘दिसत नाही’ हे उत्तर त्यांना मान्य नसते.

‘वहिनी, शांतपणे ऐका. पूर्वेस वाळकी फांदी. पश्चिमेस खोड. उत्तरेस आकाश. दक्षिणेस तीन फळांचा घोस. या चतुःसीमेच्या आत जे काही आहे, तो बिबट्या.’

‘पण काका, पूर्व कुठली?’

‘सकाळचे नऊ वाजलेत. सूर्य कुठे असतो?’

सूर्य माझ्या पाठीमागे होता. मी आज्ञाधारकपणे मागे वळून पाहिले. माझ्यामागच्या दोन मुलींनीही, बिचाऱ्यांना बिबट्या आधीच दिसलेला असूनही, मागे पाहिले.

‘अहो, तिकडे कुठे? नकाशात उत्तर वर असते!’

‘मग सूर्य?’

‘सूर्य उदाहरणादाखल सांगितला.’

वीस मिनिटे हे चालले. शेवटी मान अवघडली, परवाना आठवला, आणि मी खोटे बोलले. ‘दिसला, दिसला! काय देखणा आहे!’ बांध सरकवणाऱ्यांच्या तोंडून पस्तीस वर्षे खोटे ऐकलेल्या काकांनी डोळे बारीक केले.

‘डोके कुठल्या बाजूला आहे?’

‘डावीकडे.’

‘डावीकडे शेपूट आहे,’ असे म्हणून त्यांनी साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, ‘वहिनींना दिसलेला नाही.’ मराठीचा गंधही नसलेल्या आमच्या चालकाला एवढे एक वाक्य नेमके कळले असावे, कारण त्याने दयेपोटी गाडी हातभर मागे घेतली.

यातली खरी नामुष्की निराळीच आहे. माझे माहेर जुन्नर तालुक्यातले. तिथे उसातून बिबट्या फुकट येतो. आई दिवेलागणीनंतर अंगणात पाऊल टाकत नाही, आणि दोन वर्षांपूर्वी आमचा कुत्रा दारातून गेला, तेव्हाही मी आत वरणाला फोडणी देत होते. तोच प्राणी पाहायला मी समुद्र ओलांडून गेले.

आणि हा बिबट्या एवढा का पाहायचा, तर तो ‘बिग फाइव्ह’मध्ये आहे म्हणून. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा ही यादी मुळात शिकाऱ्यांची. पायी शिकार करताना कोणता प्राणी सर्वांत धोक्याचा, एवढेच तिच्यात पाहिले होते. बंदुका गेल्या, यादी राहिली, आणि आता माणसे मोबाइलवर तिच्यापुढे खुणा करत बसतात. आदल्याच दिवशी दक्षिणेच्या मैदानात नूंचे, म्हणजे गुरांसारख्या दिसणाऱ्या थोराड हरणांचे, कळप नजर पोहोचेल तिथपर्यंत पसरले होते. फेब्रुवारी हा त्यांचा विण्याचा हंगाम. रस्त्यापासून वीस पावलांवर नुकतेच जन्मलेले एक ओले वासरू चार पायांची जुळवाजुळव करत उठले, पडले, पुन्हा उठले आणि काही मिनिटांत आईमागे चालूही लागले. ते मला दिसले. स्वच्छ दिसले, पूर्व-पश्चिम न विचारता दिसले. मी ‘थांबा’ म्हणेपर्यंत काका म्हणाले, ‘गुरेच आहेत, चला.’ आणि गाडी निघाली. त्या वाक्याचा राग मला अजून आहे, आणि बिबट्यापेक्षा जास्त आहे.

तर आज सकाळचे छायाचित्र. मी ते दोन बोटांनी ताणून, चश्मा लावून, चश्मा काढून, मोबाइल आडवा धरून पाहिले. वर्तुळाच्या आत पाने आहेत आणि एक दुधी आहे. मी ‘वा, सुरेख!’ असे लिहून पाठवले. लगेच उत्तर आले, ‘डोके कुठल्या बाजूला?’

निळ्या खुणा पडून पाऊण तास झाला. यजमान म्हणतात, उजवीकडे असे लिही. पण काका आता पुन्हा काहीतरी टाइप करत आहेत.